या जमिनीवर जे कोणी असतील

भूमिपूजनाच्या यादीत सतरा नंबरला पिवळी मोहरी होती. तिच्यापुढे पूजा सांगणाऱ्या राजाराम काकांनी आपल्या इंजिनिअरच्या उभट, नेटक्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मूठभर. दिशाबंधासाठी. पान चार पाहावे.’ आणि सुमेधा ही, जिथे ‘पाहावे’ म्हटलं असेल तिथे पाहणारी बाई होती. औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर, कारच्या बेबी-सीटखालचं लेबल, दुधाच्या डब्यावरची तारीख, सगळं ती दोनदा वाचायची. तिने पान उलटलं. डावीकडे संस्कृत, उजवीकडे मराठी अर्थ, सगळं काकांच्या हातचं, ऑफिसातल्या झेरॉक्स मशीनवर काढलेलं. अर्थ त्यांनी या वर्षीच घातले होते. अटलांटाच्या आसपासची तरुण मंडळी हल्ली पूजेला बसल्यावर अर्थ विचारतात, आणि मधेच थांबून सांगायला गेलं की काकांचा मंत्र चुकतो. पान चारवर उजवीकडे लिहिलं होतं: या जमिनीवर जे कोणी राहत असतील त्यांनी इथून निघून जावे. जे आड येतील ते ईश्वराच्या आज्ञेने नाश पावोत. खाली सूचना होती, असे म्हणून घरच्या बाईने मोहरी चारी दिशांना फेकावी.

इतकंच. चंद्रपूरला कोणाचं घर बांधायला निघालं की हे शब्द ती लहानपणापासून ऐकत आली होती. ऐकत म्हणजे, कानावरून जात होते. त्यांचा ताल पाठ होता, त्या तालावर पुढे प्रसाद येतो हेही ठाऊक होतं. आज ते मराठीत, निळ्या शाईत, किचनच्या टेबलावर विजेच्या बिलाशेजारी पडले होते, आणि पायरी आहे समजून पाय टाकावा नि खाली सपाट जमीन लागावी तशी ती त्या ओळीवर अडखळली. निघून जावे. कोणी? ती उठून आतल्या खोलीत गेली. काहीही झालं की ती आधी तिकडेच जायची. चौदा महिन्यांची दीपा पालथी झोपली होती, एक गाल चुरगळलेला. सुमेधाने तिच्या नाकाखाली बोट धरलं. आला. कोमट, ओलसर. परत आला. दीपा सातव्या महिन्यात जन्मली, सहा आठवडे काचेच्या पेटीत होती, आणि त्या सहा आठवड्यांत ती दोनदा श्वास घ्यायचा विसरली होती. ‘विसरली’ हा नर्सचा शब्द. नर्स हसून बोटाने तळव्याला टिचकी मारायची की दीपाला आठवायचं. सुमेधा मात्र तेव्हापासून काहीच विसरू शकत नव्हती. तिला वाटायचं, आपण पाहत आहोत म्हणून सगळं चाललं आहे. नजर काढली की कुठलं तरी एक यंत्र थांबेल.

जमीन पाहिली तेव्हाही ती अशीच पाहत राहिली होती. अल्फारेटाच्या बाहेर, घोड्यांच्या कुरणांच्या पलीकडे, नव्या वसाहतीतला चौदा नंबरचा प्लॉट. पाइनची झाडं, आणि मधे मोकळी केलेली माती, तांबडी, इतकी तांबडी की दीपाच्या पांढऱ्या बुटांचा रंग पुन्हा पांढरा झाला नाही. तिचा नवरा श्रीरंग हात पसरून उभा होता, इथे किचन, इथे देवघर, इथे आईबाबा आले की त्यांची खोली. तिलाही भरून आलं होतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या तलाठ्याची मुलगी, जिच्या बापाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी लिहिल्या आणि स्वतःच्या नावावर एक वाफा केला नाही, ती आता जॉर्जियात अर्ध्या एकराची मालकीण होणार होती. अभिमान वाटला, आणि वाटला म्हणून तिने तो लपवला नाही. वडिलांच्या फोटोला त्या दिवशी तिने अमेरिकेतला गुलाब वाहिला.

मग दोन आठवड्यांपूर्वी कागद झाले. या राज्यात जमिनीचे कागद वकिलासमोर करतात. वकील म्हातारा, मऊ बोलणारा, प्रत्येक वाक्याला ‘मॅडम’ लावणारा, मागे भिंतीवर चर्चचं कॅलेंडर. तो दाखवेल तिथे श्रीरंग सह्या करत होता आणि सुमेधा वाचत होती. वकिलाने एकदा घड्याळाकडे पाहिलं, श्रीरंगने तीनदा. जमिनीच्या वर्णनात लँड लॉट म्हणून एक चार आकडी नंबर होता. प्लॉट तर चौदा नंबरचा, मग हा कसला, असं तिने विचारलं. वकील खूश झाला. तीस वर्षांत हे कोणी विचारलं नाही म्हणाला. हा नंबर अठराशे बत्तीस सालचा. तेव्हा इथे चेरोकी लोक राहत होते. राज्याने मोजणी करून त्यांच्या जमिनीचे चाळीस-चाळीस एकरांचे तुकडे पाडले, नंबरांच्या चिठ्ठ्या ड्रममध्ये टाकल्या, ड्रम फिरवला आणि सोडत काढली. ज्याची चिठ्ठी निघाली त्याची जमीन. लॉटरी, मॅडम. चेरोकी तेव्हा इथेच, आपापल्या घरांत, शेतांत. सैन्याने त्यांना हलवलं सहा वर्षांनी. पण नंबर तोच राहिला, आजही प्रत्येक खरेदीखतात तोच लिहावा लागतो.

“आणि त्याआधीचे कागद?” तिने विचारलं होतं.

“त्याआधी काही नाही. तिथूनच सुरू होतं.”

“पण राज्याकडे जमीन आली कुठून?”

“इंग्लंडच्या राजाकडून.”

“आणि राजाकडे?”

श्रीरंगने टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. वकील मात्र आनंदाने सांगत होता. शोध लागला म्हणून. ख्रिस्ती राष्ट्राने भूमीचा शोध लावला की मालकी त्या राष्ट्राची. आधीपासून राहणाऱ्यांना फक्त राहण्याचा हक्क, तोही मालकाच्या मर्जीने. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने अठराशे तेवीस साली हे लिहून ठेवलंय, आणि त्याच्यावरच इथली सगळी मालकी उभी आहे, माझ्या घराची, तुमच्या घराची, त्या समोरच्या चर्चची. “तुमचं टायटल एकदम क्लीन आहे, मॅडम,” असं म्हणून त्याने पेन तिच्यापुढे केलं. तिने सही केली. सही वळणदार आली. बाहेर पडल्यावर श्रीरंग म्हणाला, “यार सुमेधा, तू त्याची व्हायवा घेत होतीस.” दोघं हसली होती.

आता पान चार हातात धरून ती बाळाच्या खोलीच्या दारात उभी होती आणि तिला नागपूरचा परीक्षेचा हॉल आठवत होता. बी.ए.चं दुसरं वर्ष, इतिहास. टीपा लिहा, कोणत्याही दोन. तिने निवडली होती पोपची सनद. चौदाशे त्र्याण्णव साली पोपने समुद्रापलीकडच्या, ख्रिस्ती राजांच्या ताब्यात नसलेल्या भूमी स्पेनच्या राजाराणीला बहाल केल्या, तिथल्या लोकांना धर्मात आणणे हा हेतू सांगितला, पोर्तुगालशी वाद झाला, दोघांच्या वाट्यांमधली रेघ सरकवली. पाच ओळी, पाच गुण. तिला साडेचार पडले होते. वर्गात सगळ्यांत जास्त. तरी ती अर्ध्या गुणासाठी शिकवणाऱ्या सुलभाताईंच्या घरी गेली होती, अशी ती. सुलभाताई वाटाणे सोलत बसल्या होत्या. त्यांनी पेपर पाहिला आणि म्हणाल्या, “कारणं लिहिलीस, तरतुदी लिहिल्यास. परिणाम कोण लिहिणार?” मग सोलता सोलता त्यांनी पुस्तकाबाहेरचं सांगितलं. स्पेनचे सरदार किनाऱ्यावर उतरले की एक लांबलचक जाहीरनामा वाचायचे, आपल्या भाषेत. पोपने ही भूमी आमच्या राजाला दिली आहे, कबूल करा, नाहीतर जे होईल त्याचा दोष तुमचा. गावकरी पळून गेलेले असले तर झाडांना वाचून दाखवायचे. कधी कधी जहाजावरूनच. त्या वेळी तिला खूप हसू आलं होतं. झाडांना वाचून दाखवणारा माणूस, आणि खाली सही करणारा कारकून.

फोन वाजला. वसुधा काकू, राजाराम काकांची बायको. सगळं सामान मिळालं का विचारायला.

“पिवळी मोहरी नाही मिळाली, काकू. दुकानात काळीच आहे.”

“काळी फोडणीला. पिवळी मी आणतेय, नणंदेने एडिसनहून पाठवलीय, डबाभर आहे. आणखी काय राहिलं?”

“काकू, ती टाकायलाच पाहिजे का?”

तिकडे भांड्याचा आवाज थांबला. “का गं?”

“अर्थ वाचला मी.”

“तरी मी ह्यांना सांगत होते, अर्थ लिहू नका म्हणून.” मग काकूंचा आवाज खाली आला. “हे बघ, दिशा बांधल्याशिवाय घर नसतं. तू बाकी सगळ्यांचं सोड. सबंध दिवस पोरीच्या नाकाला बोट लावून बसणारी तू, तू तिचं घर उघडं ठेवणार?”

सुमेधाने ‘बघते’ म्हणून फोन ठेवला. काकू म्हणजे नुसत्या ओळखीच्या बाई नव्हत्या. दीपा पेटीत होती तेव्हा श्रीरंगला चार दिवसांपलीकडे रजा मिळाली नव्हती, आणि सुमेधाची आई विमानाचं तिकीट, व्हिसा यांत अडकली होती. तेव्हा काकू रोज चाळीस मैल गाडी चालवत यायच्या, थर्मासमध्ये मऊ भात आणि वरण घेऊन, आणि हायवेला इतक्या घाबरायच्या की आल्यावर पाच मिनिटं स्टिअरिंग सोडायच्या नाहीत. अशी बाई सांगते आहे की मूठभर मोहरी टाक. टाकावी. काय जातं? चार दाणे मातीत पडतील, उगवतील सुद्धा.

संध्याकाळी सहा वाजता, अजून उन्हं खिडकीत असताना, श्रीरंग जेवायला बसला आणि तिने पान चार त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. त्याने वाचलं, वाचता वाचता भाजी संपवली.

“हे भुताखेतांसाठी असतं गं. माणसांसाठी नाही.”

“घालवून दिलेल्या माणसांना आधी भुतंच म्हणत असतील.”

“झालं. तलाठ्याची पोर करून आणली, आता भोगतो.” तो हसत होता, पण त्याने पानावर हात ठेवला होता. “सोमवारी बुलडोझर येतोय, सुमेधा. तीन महिने त्या कॉन्ट्रॅक्टरच्या मागे आहे मी. शनिवारी पूजा शांतपणे होऊ दे. राजाराम काका पासष्ट वर्षांचे आहेत, एकोणीसशे बासष्ट साली आले, तेव्हा इथे देव मिळत नव्हता, ते पाठ करून घेऊन आले. त्यांना आता तू शिकवणार?”

“मी शिकवत नाही. मला ते म्हणवत नाही.”

“मनात म्हणू नकोस. नुसती टाक.”

दीपा उंच खुर्चीत बसून भात कपाळाला लावत होती. श्रीरंगने तिचं कपाळ पुसलं, आणि त्या पुसण्यात इतकी माया होती की सुमेधाला वाटलं, याला आपण का छळतो आहोत. चांगला माणूस. त्याला घर हवं आहे, बस. त्या लॉटरीत चिठ्ठी निघालेले तरी कोण होते? वकिलाने सांगितलं होतं, विधवांना, अनाथांना जास्त चिठ्ठ्या टाकता यायच्या. म्हणजे कोणी तरी विधवा हातात नंबर घेऊन, पोरांना घेऊन, देवाचे आभार मानत या तांबड्या मातीवर आली असेल, आणि समोर दुसऱ्या बाईच्या चुलीतून धूर येत असेल. ती विधवा काय म्हणाली असेल? तिच्याकडेही प्रार्थनेचं पुस्तक असेल. तिनेही काही तरी म्हटलं असेल, देवाने ही जागा आम्हाला दाखवली असं काही. वाईट असेल ती? मुळीच नाही. पोरांच्या श्वासावर लक्ष ठेवणारीच असेल. सुमेधाला वाटायला लागलं की पोपपासून त्या विधवेपर्यंत आणि विधवेपासून आपल्यापर्यंत लोक फक्त घर बांधत आले, आणि प्रत्येकाने आधी मूठ उघडली.

आणि हे इथलंच आहे असंही नाही. आपल्याकडे तरी ते शब्द पहिल्यांदा कोणाला ऐकवले असतील? चंद्रपूरचं जंगल कोणाचं होतं? तिला तिचे वडील, आप्पा, आठवले. खाकी पिशवी, सायकल, कानावर पेन. जमीन एकाकडून दुसऱ्याकडे जायची असली की आप्पा चावडीवर नोटीस लावायचे: पंधरा दिवसांत कोणाची हरकत असल्यास कळवावी. पंधरा दिवस गेले की नाव बदलायचं. कायद्याने एवढंच काम. ती अकरा वर्षांची असताना एका मालगुजाराच्या मुलाने शेत विकायला काढलं. त्या शेतात मोहाची सात झाडं होती आणि त्यांची फुलं पिढ्यान्‌पिढ्या लच्छी आत्राम नावाच्या गोंड म्हातारीचं घर वेचत आलं होतं. कागदावर कुठे नाही. नोटीस लागली, चौदा दिवस झाले, कोणी आलं नाही. येणार कोण? गोंडांचं चावडीवर येणं-जाणं नव्हतं आणि वाचता त्यांच्यात कोणालाच येत नव्हतं. चौदाव्या दिवशी आप्पा सायकल टाकून जंगलातून चार मैल चालत तिच्या पाड्यावर गेले, मोडक्या गोंडीत तिला नोटीस वाचून दाखवली, आणि तिचा अंगठा घेऊन आले. उताऱ्यावर ‘इतर हक्क’ म्हणून एक रकाना असतो, बहुतेक वेळा रिकामा. त्यात आप्पांनी तिचं नाव लिहिलं. महिन्याभरात त्यांची बदली झाली, थेट सिरोंचाला. सुमेधाची शाळा अर्ध्यावर सुटली, मैत्रिणी सुटल्या, आणि बैलगाडीत सामानावर बसून ती आप्पांवर चिडून रडली होती. “नोटीस तर लावली होती ना तुम्ही?” आप्पांनी मागे न बघता सांगितलं, “बाई, नोटीस लावणाऱ्याच्या सोयीची नसते. वाचणाऱ्याच्या सोयीची असते.” पुन्हा ते या विषयावर बोलले नाहीत. कोणी काढलाच तर म्हणायचे, कामच होतं ते माझं. तेव्हा ती अकराची होती आणि तिला शाळा हवी होती. आज एकतिसाव्या वर्षी, परक्या देशात, जेवणाची भांडी विसळता विसळता तिची पाठ आपोआप ताठ झाली. माझ्या बापाने लिहिलं होतं ते नाव.

शनिवारी सकाळी नऊला धुकं उठलं आणि माती उघडी पडली. राजाराम काकांनी धोतरावर विंडब्रेकर घातला होता आणि पायांतल्या स्नीकर्सवर किराण्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या, तांबडं लागू नये म्हणून. चार विटा, कलश, घडी घालून आणलेला पाट. बांधकामाच्या खुणांना लावलेल्या केशरी फिती वाऱ्यावर फडफडत होत्या. काकूंनी स्वेटरात गुंडाळलेली दीपा कडेवर घेतली होती. काका खणखणीत म्हणत होते. संकल्पात जॉर्जियाचं नाव घेताना त्यांचा आवाज नेहमीसारखा थोडा वर गेला. सुमेधा सगळं करत होती, पाणी सोडत होती, अक्षता टाकत होती. मग काकूंनी तिच्या तळहातावर पिवळी मोहरी ठेवली. थंड, गुळगुळीत, वजनच नाही. काकांनी पान उलटलं.

तिने दीपाकडे पाहिलं. दीपा फितीकडे बघत होती, तोंड उघडं. स्वेटरखाली छाती हलते आहे का ते इतक्या लांबून दिसत नव्हतं. टाक, सुमेधाच्या आत कोणी तरी म्हणालं, टाक आणि मोकळी हो. तू पाहत असतेस म्हणून नाही, या दाण्यांनी ती जगेल. आणि लगेच त्याच आवाजाने सांगितलं की हेच, अगदी हेच, प्रत्येक जण म्हणाला असेल, माझं राहू दे, बाकीचे जाऊ देत. जे गेले त्यांच्यातही चौदा महिन्यांची मुलं होती. सैन्याने हलवलं ते चालवत, थंडीत, शेकडो मैल. त्यांच्या नाकाखाली कोणाची तरी बोटं असतीलच. तिला भीती वाटत होती, नेहमीइतकीच. तिने मूठ मिटली.

“काका, थांबा. मी हे टाकणार नाही.”

काका थांबले ते बोट ओळीवर ठेवूनच. “काय झालं?”

“ज्यांची जमीन होती त्यांना निघून जा म्हणायचं नाही मला. ते गेलेलेच आहेत. घालवलंय त्यांना.”

“अगं, रेड इंडियन लोकांचा इथे काय संबंध? हे सूक्ष्म जीवांसाठी...” काकांनी मदतीसाठी श्रीरंगकडे पाहिलं. श्रीरंग विटांकडे पाहत होता. “पंचवीस वर्षं मी हे म्हणतोय, सुमेधा. एकोणीस घरं झाली. सगळी सुखात आहेत.”

“सुखात आहेत, काका. म्हणूनच कोणी वाचलं नाही.”

“बोल आणखी,” काकू म्हणाल्या. “पोरीसमोर बोल. सहा आठवडे मी देवाला काय काय कबूल केलंय तुला माहीत आहे? तो काय कोर्टात बसतो होय, असे पॉइंट काढायला?”

सुमेधाच्या डोळ्यांत पाणी आलं. “माहीत आहे, काकू. तुमच्याइतकं माझं कोणी नाही इथे. पण माझ्या मुलीचं घर मला असं सांगून नाही बांधायचं.”

मग काकांनी, इंजिनिअरच तो, खोकून विचारलं, “मग या जागी म्हणायचं काय? विधीत भोक ठेवता येत नाही.”

“मी म्हणते,” ती म्हणाली, आणि उठून उभी राहिली. गुडघ्यांना चिखल होता. काय म्हणायचं ते ठरवलेलं नव्हतं, पण तोंड उघडल्यावर आवाज आला तो आप्पांचा, चावडीवरचा, सपाट आणि मोठा. लँड लॉटचा तो चार आकडी नंबर तिने आधी घेतला. मग म्हणाली, या जमिनीत चेरोकी लोकांचा हक्क होता. तो त्यांनी दिला नाही, सोडतीत काढून घेतला गेला. आता ती श्रीरंग आणि सुमेधा यांच्या नावावर झाली आहे. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. एवढं बोलून तिने श्वास घेतला. अंगावर काटा आला होता. एवढं ताठ ती लग्नात उभी राहिली नव्हती, पदवी घेतानाही नाही.

शब्द पाइनमध्ये गेले. तिकडे काहीच झालं नाही. एका झाडावरून एक पक्षी उडून दुसऱ्यावर बसला. आणि तिला एकदम दिसलं की आपण काय करतो आहोत. परक्या किनाऱ्यावर उभं राहून, आपल्या भाषेत, झाडांना वाचून दाखवतो आहोत. तिचे कान तापले.

“हे असं नाही चालणार,” ती म्हणाली.

“आता काय नाही चालणार?” श्रीरंग पहिल्यांदा बोलला.

“इथे वाचून उपयोग नाही. इथे कोण आहे ऐकायला? ते लोक ओक्लाहोमात आहेत, टालेक्वा म्हणून गाव आहे, तिथे त्यांचं सरकार आहे. काल लायब्ररीत फोन करून पत्ता घेतलाय मी. तो कशाला घेतेय ते घेताना माहीत नव्हतं. नोटीस तिकडे गेली पाहिजे. इंग्लिशमध्ये, रजिस्टर पोस्टाने, नंबरासकट.”

“पाठव. सोमवारी पाठव.”

“आणि ती पोचल्यापासून पंधरा दिवस थांबायचं. तोवर बुलडोझर नाही.”

श्रीरंगचा चेहरा पडला. घर त्याच्या डोळ्यांत होतं, किचन, देवघर, आईबाबांची खोली, आणि ती ते एक एक करून पुढे ढकलत होती. “कॉन्ट्रॅक्टर दुसऱ्या साइटला जाईल, सुमेधा. मग कदाचित पुढच्या वसंतात.”

“माहीत आहे.”

“तिथल्या कुठल्या तरी क्लार्कच्या टेबलावर जाईल ते पत्र. तो हसेल.”

“हसू दे. त्याच्या टेबलावर तर जाईल.”

“आणि खरंच कोणी आलं तर?”

“हरकत नोंदवून घ्यायची.”

“आणि ती हरकत खरी निघाली तर?”

“ती खरीच आहे, श्रीरंग.”

त्याला राग आला होता हे दिसत होतं, आणि रागाच्या मागे आणखी काही तरी होतं, जे तिने पूर्वी एकदाच पाहिलं होतं, डॉक्टरांनी दीपाचं वजन दोन पौंड सांगितलं त्या दिवशी. मग त्याने खिशात हात घालून सुटी नाणी चाचपली. “कोपऱ्यावरच्या गॅस स्टेशनवर फोन आहे,” तो म्हणाला, “शनिवारी कॉन्ट्रॅक्टर घरी असतो. आत्ताच सांगतो, नाहीतर सोमवारी गडी घेऊन उभा राहील.” आणि तो उतारावरून चालत गेला, बुटांना लागलेल्या तांबड्या चिखलासकट, एकदाही मागे न वळता. तो वळला नाही म्हणून तिला त्याचा अभिमान वाटला, आणि सगळ्यांसमोर वाटला.

राजाराम काकांनी पुढचं पान काढलं आणि हळू आवाजात पुढचे मंत्र सुरू केले. सुमेधा खाली बसली. आता भीती आली, सगळी एकदम. चारी दिशा उघड्या होत्या. पुढचे पंधरा दिवस, कदाचित पुढचा वसंत, कोणीही येऊ शकत होतं, काहीही. तिने ती गिळली नाही, ढकलली नाही. बसू दिली शेजारी.

काकू दीपाला घेऊन तिच्याजवळ आल्या आणि मुलगी तिच्या मांडीवर ठेवली. मग त्या गाडीकडे गेल्या, डिकी उघडली, घडीची एक खुर्ची ओढून काढली आणि प्लॉटच्या कडेला, रस्त्याच्या बाजूने तोंड करून मांडली. पाय नीट रोवले जात नव्हते तर दोन्ही हातांनी दाबून रोवले.

“हे काय, काकू?”

“मी येत जाईन दुपारची,” काकू तिच्याकडे न बघता म्हणाल्या. “पटलंय म्हणून नाही, आधीच सांगते. पण पंधरा दिवस जागा अशी सोडून कोणी जातं का? एवढ्या लांबून कोणी आलंच, तर त्याला कळायला नको, बोलायचं कोणाशी?”